अकरा गुण कशाला मिळाले?

"मॅडम, टीका मला चालते. पण बोलायची काही पद्धत असते की नाही?"

हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याची मोजदाद आता सोडून दिली आहे. माझ्याकडे समुपदेशनाला गाणं शिकणारे येतात, कविता करणारे येतात, पण अलीकडे सगळ्यांत जास्त येतात ते हौशी फोटोग्राफर. मला त्याचं आता नवल वाटत नाही. गाणाऱ्याचं गाणं निदान संपेपर्यंत ऐकून घेतात. फोटो पडद्यावर येतो, काही सेकंद थांबतो, सगळ्यांसमोर गुण पुकारले जातात आणि पुढचा फोटो येतो. महिनाभराच्या मेहनतीचा निकाल खुर्चीत नीट सावरून बसायच्या आत लागलेला असतो.

पद्धत गोड असती तर लागलं नसतं, असं येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. मला याबद्दल शंका आहे. ती का, हे एका गृहस्थांच्या गोष्टीवरून सांगते. गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि दहा-बारा भेटी चार-पाच संवादांत बसवल्या आहेत.

ते आले झोपेची तक्रार घेऊन. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी व्यवस्थित, बोलणं मोजून-मापून. पहिल्या भेटीत पाऊण तास आम्ही झोपेबद्दलच बोललो. उठून दाराशी गेल्यावर म्हणाले, "बाकी तसं काही नाही. फोटो काढायचो, तेही आता बंद आहे." बावीस वर्षांच्या कामात मी एवढं नक्की शिकले आहे, की खरी गोष्ट बऱ्याचदा दाराच्या कडीला हात लागल्यावर बाहेर येते.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी क्लबच्या स्पर्धेला एक फोटो दिला होता. पहाटेचं तळं, धुकं, त्यात एक नाव आणि नावाडी. २० पैकी ११ गुण मिळाले. तेव्हापासून कॅमेरा कपाटात.

पुढच्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगूनच टाकते. मी म्हणाले, "हौसेची स्पर्धा आहे ही. तिला एवढं मनावर कशाला घ्यायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ऑफिसचं मनावर घ्यायचं नाही, हौसेचंही घ्यायचं नाही. मग घ्यायचं तरी कशाचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे पोटाचा प्रश्न नसतो तिथेच माणूस स्वतःला जास्त उघडं ठेवतो, हे मला माहीत असायला हवं होतं. हौशी माणसाला 'हौसच तर आहे' म्हणणं हे सांत्वन नव्हे. ती त्याच्या फोटोवर झालेली दुसरी टीका असते.

मग मी त्यांना कागद दिला. परीक्षक काय म्हणाले ते आठवेल तसं, शब्दाला शब्द लिहा म्हटलं. त्यांनी लिहिलं: 'क्षितिज वाकडं आहे. फांदी मध्ये येते. फोटोत काही नाही. यांना फोटोग्राफीतलं कळत नाही. एवढा वेळ वाया घालवला.'

क्लबने परीक्षकांचा अभिप्राय लेखीही पाठवला होता. तो त्यांच्या मोबाइलमध्ये होता, पण त्यांनी तो पुन्हा उघडलाच नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तो वाचला. 'धुक्यातला प्रकाश चांगला पकडला आहे. क्षितिज डावीकडे कललं आहे. उजव्या कोपऱ्यातली फांदी नजर ओढून घेते. नावाडी फार लहान राहिल्यामुळे फोटो नेमका कशाचा, ते ठरत नाही.'

चार वाक्यं. पहिलं त्यांच्या आठवणीत शिल्लकच नव्हतं. आणि त्यांनी लिहिलेली शेवटची दोन परीक्षकांनी कधी उच्चारलीच नव्हती.

"मग ही कुणाची?" मी विचारलं.

"म्हणजे अर्थ तोच होतो ना!"

"होतो का? 'वेळ वाया घालवला', हे या चार वाक्यांतल्या कुठल्या वाक्यात आहे?"

त्यांनी अभिप्राय पुन्हा वाचला. मग जरा चिडूनच म्हणाले, "रॉबर्ट फ्रँक यांच्या फोटोंनाही लोकांनी नावं ठेवली होती. वाकडी क्षितिजं म्हणूनच."

हे नाव मला फोटोग्राफर अशिलांनी इतक्या वेळा ऐकवलं आहे की शेवटी मी बसून वाचलं. गोष्ट खरी आहे. फ्रँक यांचं अमेरिकेवरचं पुस्तक १९५९ साली तिथे प्रसिद्ध झालं, तेव्हा एका मोठ्या फोटोग्राफी मासिकाच्या समीक्षकांनी धूसरपणा, दाणेदारपणा, झिंगलेली क्षितिजं असं सगळं काढून त्यांच्यावर तोंडसुख घेतलं होतं. आज ते पुस्तक फोटोग्राफीच्या इतिहासात फार मोठं मानलं जातं. पण मी एवढंच विचारलं, "तुमचं क्षितिज तुम्ही मुद्दाम कललेलं ठेवलं होतं?"

बराच वेळ गेला. "नाही. लक्षातच आलं नव्हतं."

पुढची भेट मी विसरणार नाही. त्यांनी फोटोची प्रिंट आणली होती. मी ती पालथी ठेवली आणि म्हटलं, "मी हा फोटो पाहिलेलाच नाही असं समजा. काय आहे यात, सांगा मला."

ते सुरू झाले. चारचा गजर. काळोखात गाडी काढणं. पहिल्या रविवारी धुकंच पडलं नाही. दुसऱ्या रविवारी धुकं पडलं, पण नाव फिरकली नाही. बोटं गारठून बटण दाबता येईना. तिसऱ्या रविवारी... इथे ते अडखळले.

"तिसऱ्या रविवारी?"

"मुलीची पोहण्याची स्पर्धा होती. तिची पहिलीच. मी म्हटलं, पुढच्या वेळी येईन."

यातलं काहीच त्या फोटोत नव्हतं. हे बोलायची मला गरज पडली नाही. मी प्रिंट उलटून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "अकरा गुण कशाला मिळाले?"

"फोटोला," ते लगेच म्हणाले. मग थांबले. "तीन रविवारांना." आणखी थांबून, जवळजवळ स्वतःशीच, "तिसऱ्या रविवाराला."

आम्ही दोघंही काही बोललो नाही. अशा वेळी बोलून घोटाळा न करणं ही समुपदेशकाची खरी कसोटी असते, आणि त्या दिवशी मी ती पार केली, असं म्हणायला हरकत नाही.

"परीक्षकांना तिसरा रविवार माहीत होता?" मी पुष्कळ वेळाने विचारलं.

"त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं." आणि ते हसले. चार भेटींतलं पहिलं हसू.

वड्याचं तेल वांग्यावर काढणं आपण जाणतो. इथेही तेच झालं होतं. घरात न झालेला एक हिशेब परीक्षकांच्या माथी मारलेला होता. एकोणीस गुण मिळाले असते, तर ते घरी दाखवून 'बघा, उगाच नव्हतो गेलो' असं म्हणता आलं असतं. अकरा मिळाले, म्हणजे मुलीला उत्तर देता येणार नाही. लेकीच्या स्पर्धेला न जाण्याचं मोल झालं की नाही, हे ठरवण्याचं काम त्यांनी पडद्यापासून दहा फुटांवर बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलं होतं. त्याने कितीही गोड शब्दांत सांगितलं असतं, तरी ते लागलंच असतं.

मी स्वतः अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या वाटेने काम करते, हे एव्हाना ओळखू आलं असेल. माणसाच्या कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. मी त्यात माझ्या अनुभवाने थोडी भर घालते. टीका बोचली, की आधी बघा, गुण दुसऱ्याच कशाला तरी मिळाले असं आपण धरून चाललोय का. कुणाला ते सोडलेल्या नोकरीला मिळालेले असतात, कुणाला महागड्या लेन्सला, कुणाला 'हे तुझं काम नव्हे' म्हणणाऱ्या वडिलांना. ते एकदा सापडलं, की मूळ टीका आपोआप लहान होते. खरोखर डोळ्यांदेखत लहान होते. त्या दिवशी जाता जाता त्यांनी प्रिंट हातात घेतली, उजवा कोपरा अंगठ्याने झाकला, आणि म्हणाले, "अरेच्चा. फांदी नसती तर नाव आधी दिसली असती."

मुलीशी ते काय बोलले, ते त्यांच्या घरातलं आहे. बोलले, एवढं सांगते.

आता ज्यांना टीका घ्यायची आहे त्यांच्यासाठी. निकालाच्या दिवशी कुणाला उत्तर देऊ नका. परीक्षकांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, कारण आपली आठवण परीक्षकांपेक्षा कठोर असते. मग दुसऱ्या दिवशी फोटो समोर ठेवून एकेक वाक्य पडताळा. काही गोष्टी तुम्हालाही दिसतील, त्या मुकाट्याने घ्या. काही दिसणार नाहीत, त्या बाजूला ठेवा, टाकू नका. दुसरा कुणी अनोळखी माणूस त्याच जागी अडखळला तर पुन्हा काढून बघा. काही निव्वळ आवडीनिवडी असतील. तोच फोटो एका स्पर्धेत बाद होतो आणि दुसरीकडे बक्षीस घेतो, हे स्पर्धांना फोटो पाठवणारा प्रत्येक जण जाणतो. नियमांचंही तसंच. चौकटीचे तीन भाग करण्याचा तो नियम, रूल ऑफ थर्ड्स, काही परीक्षक कायद्यासारखा वापरतात. याच गृहस्थांनी मला सांगितलं, की तो नियम या नावाने जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसाठी लिहून ठेवला. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ साली! म्हणजे कॅमेऱ्याआधीचा तो एक उपयोगी आडाखा आहे, त्याला त्याहून मोठं करू नये.

आणि 'कसा वाटला?' असं विचारूच नका. त्यावर माणसं एक तर खोटं बोलतात, नाही तर फार खरं. 'बघताना कुठे अडखळलात?' असं विचारा. हा प्रश्न विचारला, की समोरचा तुमच्याकडे बघायचं सोडून फोटोकडे बघतो.

खरं तर गोष्ट इथेच संपायची. पण सातव्या भेटीत ते सहज बोलता बोलता म्हणाले, "मीही क्लबमध्ये नवीन मंडळींच्या फोटोंवर बोलतो. मी स्पष्टवक्ता आहे, हे सगळ्यांना माहीत आहे."

"शेवटचं स्पष्ट काय बोललात?"

एका तरुणीने खिडकीतल्या मांजराचा फोटो दाखवला होता. हे म्हणाले होते, "असं तर मोबाइलवर कुणीही काढेल." ती त्यानंतर क्लबला आलेली नव्हती.

माझ्या अनुभवात, जे स्वतः सर्वांत जास्त दुखावतात तेच दुसऱ्याला सर्वांत टोचून बोलतात. त्यात दुष्टपणा नसतो. आतल्या आत स्वतःशी ज्या आवाजात बोलायची सवय असते, तोच आवाज बाहेर येतो.

मी विचारलं, "त्या वाक्यातलं तिला पुढच्या फोटोसाठी काय वापरता आलं असतं?"

"काहीच नाही," ते म्हणाले. सवयीप्रमाणे मोजून-मापून.

टीका केली की माणूस सुधारतो, हा आपला लाडका समज आहे. अव्रहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून त्यांतले ६०७ परिणाम तपासले. सरासरी फायदा झाला होता, पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की लक्ष कामावरून सरकून 'मी कसा आहे' याच्याकडे जाऊ लागलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होत जातो. 'मोबाइलवर कुणीही काढेल' हे वाक्य मांजराबद्दल नव्हतंच. ते तिच्याबद्दल होतं.

आधी कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक, ही पद्धत हल्ली सगळीकडे शिकवतात. मला ती आवडत नाही. दोनदा तसं बोललात, की तिसऱ्यांदा ऐकणारा कौतुक ऐकतच नाही, 'पण' कधी येतो याचीच वाट बघत बसतो. त्यापेक्षा लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९०च्या सुमारास घालून दिलेला क्रम मला जास्त शहाणा वाटतो. आधी बघणाऱ्याने आपल्या मनात काय उमटलं ते सांगायचं. मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे. त्यानंतर बघणाऱ्याने प्रश्न विचारायचे, पण आरोप न दडवलेले. 'इतकं जवळून का कापलंत?' यात निकाल लागलेलाच आहे. 'चौकटीची कड इथे आणताना मनात काय होतं?' यात नाही. मत सगळ्यांत शेवटी, तेही 'सांगू का?' असं विचारून.

याला मी फोटोंपुरती एक जोड दिली. दोष सांगताना त्याचा परिणामही सांगा, आणि तो आता सुधारता येतो की पुढच्या वेळीच, तेही सांगा. कललेलं क्षितिज घरी बसून सरळ करता येतं. हुकलेला फोकस नाही येत. 'मांजराच्या मागची खिडकी फार उजळ आहे, त्यामुळे डोळा तिकडे आधी जातो. पुढच्या वेळी दोन पावलं बाजूला सरकून बघा,' एवढं पुरतं. दहा दोष दिसले तरी दोनच सांगा. उरलेले आठ सांगण्यात समोरच्याचा फायदा नसतो. आपली जाण दाखवायची हौस असते.

त्यांनी त्या तरुणीला निरोप पाठवला. माफी मागितली आणि खिडकीबद्दल लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही. त्याने ते दोन दिवस अस्वस्थ होते. मी ते बदलण्याचा प्रयत्न केला नाही.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. पुन्हा स्पर्धेला फोटो दिला होता.

"तेरा गुण, मॅडम. पण या वेळी मी नंतर परीक्षकांना गाठून विचारलं, कुठे अडखळलात म्हणून. ते म्हणाले, अडखळलो नाही हो, थांबावंसंच वाटलं नाही."

"मग?"

"मग घरी येऊन मुलीला दाखवला. ती म्हणाली, बाबा, ते काका बरोबर बोलले, कंटाळवाणाच आहे हा." फोनवर मागून कुणाचा तरी हसण्याचा आवाज येत होता. "ठेवतो मॅडम, तिला तलावावर सोडायचंय."