प्रथिन की प्रथिने?

प्रश्न असा: खाऊच्या पाकिटावर ‘प्रथिने ८ ग्रॅम’ असं अनेकवचन असतं आणि मुलीच्या विज्ञानाच्या वहीत ‘हिमोग्लोबिन हे एक प्रथिन आहे’ असं एकवचन. यातलं बरोबर कोणतं? आणि या शब्दाचा ‘प्रथम’शी काही संबंध आहे का?

आधी ‘प्रथम’चं सांगतो. १८३८ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी डच शास्त्रज्ञ मुल्डर यांना पत्रातून ‘प्रोटीन’ हे नाव सुचवलं. ते ग्रीक ‘प्रोतोस’, म्हणजे पहिला, या शब्दावरून आलं. हा ‘प्रोतोस’, आपला ‘प्रथम’ आणि रोजच्या बोलण्यातला ‘पहिला’ हे मुळात एकाच घराण्यातले. त्यामुळे मराठीने ‘प्रथिन’ केलं तेव्हा ध्वनी राहिला आणि अर्थही राहिला. परिभाषेत असा योग फार क्वचित जुळून येतो. बंगालीत प्रथिनाला ‘आमिष’ असाही शब्द आहे, म्हणजे मूळ अर्थाने मांस. पण मग तुरीच्या डाळीतल्या प्रथिनाला काय म्हणायचं? आपला शब्द मला म्हणूनच जास्त आवडतो.

आता वचन. अंड्याचा पांढरा भाग असो की रक्तातलं फायब्रिन, सगळ्यांत मूळ द्रव्य एकच आहे अशी मुल्डर यांची समजूत होती. ती चुकीची ठरली. प्रथिनं असंख्य आहेत आणि प्रत्येकाची घडण वेगळी आहे. वीस प्रकारची अमिनो आम्लं मण्यांसारखी ओवून साखळी होते आणि ती साखळी ठरावीक पद्धतीने वळून, दुमडून बसते. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी, दोन साखळ्यांत. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या एकमेकींना धरून असतात. काम ठरतं ते या घडीवरून.

अंडं उकडताना पाहा. पाण्यासारखा पारदर्शक भाग कडेपासून दुधाळ होत जातो आणि घट्ट बसतो. उष्णतेने घड्या उलगडतात, मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत अडकतात. साखळी मात्र तुटलेली नसते, एकही मणी कमी झालेला नसतो. पाकिटावरचा हिशोब कच्च्या आणि उकडलेल्या अंड्याला सारखाच लागू होतो; पण त्या प्रथिनांचं मूळ काम संपलेलं असतं. आहारशास्त्र मणी मोजतं, म्हणून तिथे ‘प्रथिने’ असं सरसकट अनेकवचन. जीवशास्त्र एकेकाची घडी पाहतं, म्हणून ‘एक प्रथिन’. दोन्ही वापर बरोबर आहेत.

एकवचन किती मोलाचं आहे ते सिकलसेल या रक्ताच्या आजारात दिसतं. गडचिरोली-नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांना हा आजार चांगला माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या ‘बीटा’ नावाच्या साखळीत १४६ मणी. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं, एवढाच फरक. तेवढ्याने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर बनतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. इथे ‘प्रथिने कमी पडली’ असं म्हणून चालत नाही. बिघडलं आहे ते एक प्रथिन.

लिहिताना: शब्द नपुंसकलिंगी, ‘ते प्रथिन, ती प्रथिने’, बोलताना ‘प्रथिनं’. ‘थि’ ऱ्हस्वच, कारण शब्द संस्कृत वळणाने घडवलेला आहे. ‘प्रोटीन’मधला ‘टी’ मात्र दीर्घ. समासात मूळ रूप घ्यावं, म्हणजे ‘प्रथिनयुक्त आहार’. जाहिरातींतलं ‘प्रथिनेयुक्त’ टाळावं.