सातवी शिकलेल्या वडिलांचं इंग्रजी

‘मॅडम, मराठी माध्यमातून शिकलो. डिग्री झाली, नोकरीपण लागली. पण कामाचं इंग्रजी जमत नाही. कुठला क्लास लावू?’

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणारं कधी नर्सिंगचं असतं, कधी अंबडच्या कारखान्यातलं, कधी नुकतंच पीएचडीला लागलेलं. क्लासचं नाव मी सांगत नाही. का, ते कळावं म्हणून एका मुलाची हकिगत लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा निफाड तालुक्यातला, बीएस्सी ॲग्री. घरची तीन एकर द्राक्षबाग. स्वतः एका पॅकहाउसमध्ये, म्हणजे निर्यातीची द्राक्षं निवडून भरतात तिथे, क्वालिटीचं काम बघायचा. काम त्याला उत्तम यायचं. देठाकडे नुसतं बघून घड तोडून किती वेळ झालाय ते तो सांगू शकतो, हे मी पुढे स्वतः पाहिलं. पण पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसलेला मुलगा मान वर करत नव्हता. तिसरा स्पोकन इंग्लिशचा क्लास अर्धवट सोडून आला होता. लॅपटॉपवर मेल आल्याचा आवाज झाला की पोटात गोळा येतो, म्हणाला.

झालं होतं ते असं. नेदरलँड्सला गेलेल्या एका कंटेनरचा तिकडचा तपासणी रिपोर्ट आला. त्यातल्या काही गोष्टी याला कळल्या नाहीत, म्हणून यानं अगदी नम्रपणे मेल लिहिली. पहिलंच वाक्य होतं, ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युवर इन्स्पेक्शन रिपोर्ट.’ तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं: आमच्या तपासणीवर विश्वास नसेल, तर माल तपासायला तुमचा सर्व्हेअर पाठवा. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘यापुढे मेल तू लिहायची नाही.’

मेलच्या त्या पहिल्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. चूक झाली ती ‘शंका’ या शब्दाच्या पोटात. आपण वर्गात हात वर करून म्हणतो, ‘सर, एक शंका आहे,’ आणि एखाद्याच्या हेतूबद्दलही शंकाच घेतो. मराठीत एकाच शब्दात दोन्ही मावतं. आपल्याकडच्या कॉलेजांतलं इंग्रजीही त्याच वळणाचं आहे, म्हणून ‘सर, आय हॅव अ डाउट’ इथे कुणाला खटकत नाही. डच माणसानं मात्र ‘डाउट’ म्हणजे अविश्वास, एवढंच वाचलं. तिन्ही क्लासमध्ये हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे स्वतःची ओळख करून द्यायला आणि हॉटेलात ऑर्डर द्यायला शिकवत होते. त्या क्लासना मी नावं ठेवत नाही. चारचौघांत तोंडच न उघडणाऱ्या मुलीला त्यांचा उपयोग होतो. याची अडचण वेगळी होती.

मला त्याच्या इंग्रजीपेक्षा पोटातल्या त्या गोळ्याची काळजी जास्त होती. आठ महिने त्यानं मेल उघडणं टाळलं होतं. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती मात्र आणखी मूळ धरते. चारचौघांत झालेला अपमान तर फार खोल जातो. मालकांना ग्राहकाची काळजी वाटणं मी समजू शकते, पण तेच वाक्य केबिनमध्ये बोलावून सांगितलं असतं, तर हा मुलगा बहुधा माझ्याकडे आलाच नसता.

दुसऱ्या भेटीला मी त्याला तो रिपोर्टच आणायला सांगितलं, आणि सोबत युरोपातल्या द्राक्षांच्या प्रतवारीचे नियम. अडलेल्या शब्दांखाली रेघा मारायला लावल्या. मला वाटलं होतं, अवघड, लांबलचक शब्द निघतील. निघाले ते ‘साउंड’, ‘ब्लूम’ आणि ‘प्रॅक्टिकली फ्री’. साउंड म्हणजे आवाज, मग द्राक्षाचा आवाज कसला? नियमातलं ‘साउंड’ म्हणजे धडधाकट, न सडलेलं. ब्लूम म्हणजे फुलोरा नव्हे, मण्यावरची ती पांढुरकी मेणचट झाक, जी बोट लागलं तरी पुसली जाते. आणि ‘प्रॅक्टिकली फ्री फ्रॉम पेस्ट्स’मध्ये कॉलेजातलं प्रॅक्टिकल नाही, कीड जवळपास नाहीच, एवढाच त्याचा अर्थ. कामाच्या इंग्रजीत फसवतात ते असे ओळखीचे शब्द. अनोळखी शब्द आपण डिक्शनरीत बघतो. ओळखीचा शब्द बघायची गरजच वाटत नाही.

तिसऱ्या भेटीला वडील सोबत आले. हातातल्या पिशवीत दोन घड, खास माझ्यासाठी.

‘ताई, आम्हाला कुठलं इंग्रजी? मी सातवी. ह्याला एवढं शिकवलं, तर हा असा गप्प गप्प.’

मी म्हटलं, ‘भाऊ, ते राहू द्या. बाग कशी आहे यंदा?’

‘पावसानं छाटणी दहा दिवस लांबली बघा. मग डावणीनं जीव काढला. जीएचं दुसरं डिपिंग उशिरा झालं, पण थिनिंग झ्याक केलं, त्यानं साइज आली. अठरा एमएमच्या वर हाये. ब्रिक्स सतराच्या पुढं. पीएचआय पाळूनच फवारलंय, त्यामुळं एमआरएलची भीती नाय. सॅम्पल गेलंय लॅबला.’

ते बोलत होते तेव्हा मी त्यातले इंग्रजी शब्द कागदावर लिहून घेत होते. जीए म्हणजे मणी फुगवायचं संजीवक, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप. अकरा शब्द झाले. ‘डावणी’सुद्धा मुळात इंग्रजीच, डाउनी मिल्ड्यू या बुरशीच्या रोगातला डाउनी. बागेत राहून राहून तो आपला झाला. मी विचारलं, ‘पीएचआय म्हणजे काय हो, भाऊ?’

‘शेवटचा फवारा आन् तोडणी, यांच्यात सोडायचे दिवस. ज्या त्या औषधाचे येगळे.’

मी तो कागद मुलापुढे सरकवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग पहिल्यांदा हसला.

या माणसाला हे कुठल्या क्लासनं शिकवलं? 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे, म्हणजे आपले शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली होती. तो फटका ज्यांनी खाल्ला, त्यांना एमआरएलचा, म्हणजे औषधाच्या अंशाच्या कमाल मर्यादेचा अर्थ पाठ करावा लागला नाही. गरज अंगावर आली आणि शब्द तोंडात बसला. कामाचं इंग्रजी असंच येतं, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आधी वस्तू हातात हवी, तिची नीट पारख हवी, मग तिचं इंग्रजी नाव टिकतं. या मुलाकडे वस्तू होती आणि पारखही होती. तो मात्र स्वतःला शून्य समजून बाराखडीपासून सुरुवात करत होता.

मग आम्ही एक वही केली. डाव्या पानावर त्यानं घडात जे दिसतं ते आपल्या भाषेत लिहायचं: देठ तपकिरी पडलाय, मणीगळ आहे, मणी मऊ लागतोय. उजव्या पानावर गेल्या हंगामातल्या रिपोर्टांतून नेमकं त्याच अर्थाचं वाक्य शोधून उतरवायचं. स्वतः वाक्य बनवायचं नाही. आणि पॅकहाउसमध्ये घड हातात धरून ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं. पंधरा दिवसांत त्याच्याच लक्षात आलं की रिपोर्टात ‘मी’, ‘तू’ जवळजवळ नसतात. ‘वॉज ऑब्झर्व्ह्ड’, ‘वेअर फाउंड’ अशीच वाक्यं फिरून फिरून येतात. काळांचा सगळा तक्ता पाठ करायची धास्ती तिथेच निम्मी झाली.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ‘स्लाइट’ (थोडं), ‘मॉडरेट’ (मध्यम) आणि ‘सिव्हिअर’ (तीव्र) या तीन शब्दांवर घालवला. युरोपच्या प्रतवारीत सगळ्यात वरच्या ‘एक्स्ट्रा क्लास’मध्ये प्रतीत न बसणारा माल वजनानं 5 टक्क्यांपर्यंत चालतो, त्याखालच्या ‘क्लास वन’मध्ये 10 टक्क्यांपर्यंत. क्लास वनमध्ये सालीपुरता अगदी थोडासा उन्हाचा चट्टा खपतो, एक्स्ट्रात नाही. म्हणजे ‘थोडासा’ लिहिलं की ‘बराच’, यावर कंटेनरचा भाव ठरू शकतो. त्यानं माझ्या टेबलावर वडिलांच्या बागेतले दोन घड ठेवले आणि एकेका मण्यावर बोट ठेवून सांगितलं: हे स्लाइट, हेही स्लाइट, हे मॉडरेट. त्याच्या आवाजात त्या वेळी जरासुद्धा कंप नव्हता.

मेलची भीती पायरी पायरीनं काढली. पहिला आठवडा मेल नुसती उघडून वाचायची. मग उत्तर लिहायचं, पण पाठवायचं सहकाऱ्यानं. मग मालकांना दाखवून स्वतः पाठवायचं. मालकांशी बोलायला मीच सुचवलं होतं, आणि ते तयार झाले. ‘डाउट’च्या जागी आता ‘कुड यू प्लीज क्लॅरिफाय’ आलं. फोन अजून जड जातो. तिकडचे उच्चार कानाला सवयीचे नाहीत, त्याला वेळ लागेल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं आहे.

शिकत असलेल्या मुलांनाही मी हीच वही सांगते. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ असल्यानं नर्सिंगची मुलं माझ्याकडे बरीच येतात. त्यांना मी आधी ‘हायपर’ (जास्त) आणि ‘हायपो’ (कमी), ‘टॅकी’ (जलद) आणि ‘ब्रॅडी’ (मंद) अशा जोड्या पक्क्या करायला लावते. त्यातली गल्लत पेशंटच्या जिवावर बेतू शकते. रिसर्च पेपर वाचणाऱ्यांसाठी न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट आहे. त्यात 570 शब्दकुळं, म्हणजे एकाच मुळापासून झालेल्या शब्दांचे गट, आहेत आणि अभ्यासाच्या मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द त्यांतले असतात. पण तीसुद्धा यादी म्हणून पाठ करू नका. आपल्याच विषयाचा एक पेपर घ्या, त्यात ‘सिग्निफिकंट’ कुठे आलाय ते शोधा, आणि तिथे तो नुसता ‘महत्त्वाचा’ आहे की संख्याशास्त्रातला, ते सरांना विचारा.

मार्चमध्ये रात्री साडेदहाला त्या मुलाचा मेसेज आला. कंटेनर भरणं चालू होतं. मेलचा मसुदा पाठवला होता, पाच ओळींचा, स्वच्छ. खाली विचारलं होतं, ‘मॅडम, शेवटी काइंडली रिव्हर्ट लिहिलंय. चालेल ना?’

मी कळवलं, ‘इकडे चालतं. तिकडे रिव्हर्ट म्हणजे मूळ स्थितीला परत जाणं. रिप्लाय लिही.’

‘लिहिलं. पाठवली पण.’