सोलर इन्व्हर्टर बसवल्याने वीजवाहिन्यांतील हानी खरोखर कमी होते का?

छतावरील सोलर इन्व्हर्टरमुळे (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून लाईनला जोडणाऱ्या यंत्रामुळे) वीज वितरणातील हानी घटते का, असे आपण विचारले आहे. घटते, पण बहुतेक ठेकेदार इन्व्हर्टर पॉवर फॅक्टर (एकूण विजेपैकी प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचे प्रमाण) १ वर, म्हणजे नुसते किलोवॅट देण्यावर, ठेवून निघून जातात आणि मग त्याचा अर्धामुर्धाच उपयोग होतो.

बेळगावच्या वडगाव भागात आमचे यंत्रमाग आहेत. शेडवर सोलर बसवल्यावर युनिटे घटली, परंतु बिलात पॉवर फॅक्टरचा दंड दिसू लागला. (बिल कन्नडमध्ये असल्यामुळे दंडाची ओळ नेमकी कोणती, यावरच घरात निम्मे वाद झाले.) ठेकेदाराने मीटरला दोष दिला, थोरल्या काकांनी सोलरला, दोघांचेही म्हणणे चुकीचे होते. मागांच्या मोटारींचा भार १० किलोवॅट आणि ७ केव्हीएआर धरा. (केव्हीएआर हे रिॲक्टिव्ह पॉवरचे माप; ही वीज मोटारीच्या चुंबकासाठी लागते, स्वतः काम करत नाही, पण तारेतला प्रवाह वाढवते.) सोलरने नुसते ८ किलोवॅट दिले, तर लाईनवरून २ किलोवॅट आणि पूर्वीचेच ७ केव्हीएआर येत राहतात, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८२ वरून ०.२७ वर घसरतो. याउलट १० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे एकूण क्षमता: किलोवॅट व केव्हीएआर यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) इन्व्हर्टर ८ किलोवॅट देत असतानाच ६ केव्हीएआरही देऊ शकतो. मग लाईनवर २ किलोवॅट आणि १ केव्हीएआर उरतो, पॉवर फॅक्टर ०.८९ होतो, प्रवाह नुसते किलोवॅट देण्याच्या तुलनेत एक तृतीयांशाहून कमी होतो, आणि हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे सर्व्हिस वायरमधील (खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेतील) हानी दहाव्या हिश्श्यावर येते. हे गणित कागदावर मांडून दाखवले, तेव्हा सेटिंगला हात लावल्यास वॉरंटी जाईल, असे ठेकेदाराने सांगितले; वॉरंटीच्या कागदात तशी एकही अट नव्हती. शेवटी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून सेटिंग बदलून घेतले आणि दंड थांबला.

हे सर्वत्र असेच लागू पडेल असे मात्र नाही. खानापूरकडच्या एखाद्या वाडीत टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब गेलेल्या, फारसा भार नसलेल्या लाईनवर दुपारी सोलरची वीज उलटी वाहू लागली, तर शेवटच्या टोकाचा व्होल्टेज वाढतो आणि हानीही वाढू शकते. तेथे व्होल्टेज आवरण्यासाठी इन्व्हर्टरला रिॲक्टिव्ह पॉवर द्यायची नव्हे, ओढायची आज्ञा द्यावी लागते, आणि त्याने प्रवाह आणखी वाढतो. आकडे टाकून होणारी चोरी तर कोणत्याही इन्व्हर्टरने थांबत नाही. घरगुती ग्राहकाला केव्हीएआर दिल्याचे बिलात काहीच मिळत नाही. लाभ वीज कंपनीचा होतो, तेव्हा त्याचा मोबदला तिने द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे सोलर नसेल, तर केवळ पॉवर फॅक्टरसाठी ते घेऊ नका. कपॅसिटर बँक (केव्हीएआर जागेवरच पुरवणारा कपॅसिटरांचा संच) पुष्कळ स्वस्त पडते. सोलर घेणारच असाल, तर इन्व्हर्टरची केव्हीए क्षमता पॅनेलच्या किलोवॅटपेक्षा थोडी अधिक ठेवा, सेटिंग बदलण्यापूर्वी वीज कंपनीची लेखी संमती घ्या, आणि पॉवर फॅक्टरची जबाबदारी कोटेशनमध्येच लिहून घ्या. त्यावर सही करण्यास जो ठेकेदार का-कू करील, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.