आधी पाणी बघ

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेची भिंत लाल ठेवावी की गिलावा करून पांढरी, यावर तू सहा पानं लिहिलीस. बरोक शैली आली, रेनेसान्स शैली आली, पाऊस मात्र एकदाही आला नाही. गोव्याच्या इमारतीवर लिहितेस आणि पाऊस विसरतेस? आधी पाणी बघ.

तो दगड जांभा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो. पण अंगाला भोकंच भोकं. त्यांतली माती पाणी धुऊन नेतं. 1594 साली काम सुरू करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून दर्शनी कोरीव कामाला त्यांनी वसईचा काळा दगड आणवला आणि जांभ्यावर चुना चढवला. 1605 मध्ये चर्चचा अभिषेक झाला. पुढे साडेतीनशे वर्षं तो चुना अंगावर होता. 1950 च्या दशकात तो खरवडून काढला, जुनेपण उठून दिसावं म्हणून. तू जिला ‘मूळ रूप’ म्हणतेस, ती लाल भिंत तुझ्या आजीहून लहान असेल! रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रलही जांभ्याचंच आहे, पण चुन्याखाली.

जुलैत त्या लाल भिंतीला तळहात लावून बघ. हाताला तांबडी कणी लागते. मी लावलाय हात.

तिथल्याच पडक्या सांत आगुस्तीन चर्चचा 46 मीटर उंच बुरूज तुला फोटोसाठी आवडतो. 1835 मध्ये तिथले साधू गेले, निगा संपली. 1842 मध्ये छत आत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग. त्याच्या घंटेचा आवाज ऐकायचा तर आता पणजीच्या चर्चपाशी उभं राहावं लागतं.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतो, तेही ऐक. एका गावच्या कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, काम माझ्याकडे होतं. फेस्त, म्हणजे तिथला वार्षिक सण, आठ दिवसांवर आलेलं. चुना मुरायला वेळ नाही म्हणाले आणि मी सिमेंटला मान वर-खाली केली. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याची अख्खी खपली निघाली. मागचा चिरा बोटानं उकरता येत होता. ओल आत कोंडली होती, तिला बाहेर यायला वाटच नव्हती. त्यानंतर सिमेंटवर अडून बसलेल्यांची तीन कामं मी सोडली. घरात ओढाताण झाली. लोक हेकट म्हणतात. म्हणू देत. मी हेकट नव्हतो तेव्हाच तर ती भिंत गेली. आणि त्या आठ दिवसांत दुसरं काय करता आलं असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. नुसती सफेदी करून फेस्त झालं असतं, एवढं मला आता कळतं.

तुझे सर शैलीचं नाव विचारतील, तेव्हा सांग. तुला ते येतंच.

जुलैत ये. वही प्लास्टिकच्या पिशवीत घाल. पहिल्या दिवशी आत जायचं नाही, आत ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या दर्शनालासुद्धा नाही. भिंतीच्या पायथ्याशी उभी राहा, पाणी कुठून उतरतं आणि कुठे मुरतं ते काढ. संध्याकाळी मला तेवढंच दाखव.