स्कॅन झाला, आता ड्रॉइंग कोण करणार?

प्रश्न: नमस्कार सर, माझं इचलकरंजीत पंप रिपेअरिंगचं छोटं वर्कशॉप आहे. एका जुन्या पंपाचा सेमी-ओपन इम्पेलर (पाणी फेकणारं फिरतं चाक, एका बाजूने उघडं) पार झिजलाय, तो आता नवीन मिळत नाही, म्हणून थ्रीडी स्कॅन करून घेतला. स्कॅनवाल्याने १०० एमबीची एसटीएल फाइल दिली. पॅटर्नवाला (ओतकामाचा साचा ज्यावरून होतो तो नमुना बनवणारा) म्हणतो स्टेप फाइल (कॅडमध्ये काढलेलं मॉडेल) पाहिजे. मी कन्व्हर्ट मारलं तर कॉम्प्युटर तासभर अडकला आणि बंद पडला. फाइल खराब आहे का? पैसे परत मागू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: पैसे मागायला जाऊ नका, फाइल बहुतेक चांगलीच असणार. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात, बाकी काही नाही. एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे तुमच्याकडे साधारण २० लाख त्रिकोण आहेत आणि कन्व्हर्ट करताना सॉफ्टवेअरने प्रत्येकाची वेगळी फेस (पृष्ठभाग) करायला घेतली, मग हँग नाही होणार तर काय!

आधी मेशलॅबमध्ये (फुकट आहे) फाइल उघडून हवेत तरंगणारा कचरा उडवा आणि त्रिकोण दोन-तीन लाखांवर आणा, पण व्हेनच्या (इम्पेलरच्या पात्यांच्या) कडा बोथट होतायत का ते बघत बघत. एसटीएलमध्ये मिमी का इंच हे लिहिलेलंच नसतं, त्यामुळे बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून ताडून घ्या, नाहीतर इम्पेलर २५.४ पट मोठा निघायचा (हसू नका, होतं असं). मग बोअरचा (शाफ्ट बसतो त्या मधल्या भोकाचा) अक्ष झेड धरून पार्ट सरळ करा. हे बरेच जण टाळतात आणि नंतर सगळंच तिरकं येतं.

आता खरं काम: स्कॅन समोर ठेवून कॅडमध्ये मॉडेल नव्याने काढायचं. स्कॅनरने झिजलेला इम्पेलर जसाच्या तसा टिपलाय, तुम्हाला मात्र नवा असतानाचा पाहिजे. बोअर स्कॅनमध्ये ३५.०८ दिसतोय म्हणून ३५.०८ काढायचा नाही, तो मुळात ३५ एच-७ (भोकाच्या मापाला चालणारी ठरलेली सूट) असणार, म्हणजे ३५.००० ते ३५.०२५, आणि चावीचा गाळा १० मिमी. खात्रीला शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा, फिटिंगच्या मापांत स्कॅनवर भरवसा ठेवूच नका. व्हेन ५ असतील तर पाचही एकमेकींवर ७२-७२ अंशांनी फिरवून ठेवा, सगळ्यात कमी खाल्लेली कुठली ते लगेच दिसतं, तेवढी एकच नीट काढायची आणि गोल फिरवून पाच करायच्या. टोकं मात्र पाचही झिजलेली असणार. बाहेरचा व्यास २५० चा २४५ झाला असेल आणि तोच कॉपी केलात तर हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) जवळपास ४ टक्के पडेल, कारण हेड व्यासाच्या वर्गाने बदलतो. म्हणून केसिंगमधली जागा मोजा, जुन्या नेमप्लेटवरचा हेड बघा आणि मग व्यास ठरवा.

हे सगळं नव्याने काढलेलं मॉडेल स्टेपमध्ये सेव्ह करा, फाइल काही एमबीचीच होईल. ती स्कॅनवर ठेवून कलर मॅप (दोन्हीतला फरक रंगांत दाखवणारं चित्र) बघा, टोकाला फरक दिसला तर घाबरू नका, ती झीज आहे, पण व्हेनच्या मधोमध दिसला तर तुमचं चुकलंय.

आणि पॅटर्नवाल्याला सांगा की मॉडेल फिनिश मापाचं आहे. कास्ट आयर्न असेल तर आकसण्यासाठी साधारण १ टक्का आणि बोअरला मशिनिंगसाठी जास्तीचा माल त्याने वरून धरायचाय, तुम्ही आधीच धरलात आणि त्यानेही धरला तर डबल होईल.