ऑनलाइन दुकानाचं अ‍ॅप शिकायचंय? सुरुवात ऑर्डरपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष आहे, पायथन आणि जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं, लॉगिन असलेलं एक छोटं अ‍ॅप करून झालंय. आता वेब सर्व्हिस (एका प्रोग्रामने दुसऱ्याला नेटवर्कवरून दिलेली सेवा) वापरून पूर्ण ऑनलाइन दुकान बांधायचंय. फ्रेमवर्क कोणतं, रेस्ट की सोप (वेब सर्व्हिस बांधायच्या दोन पद्धती), मायक्रोसर्व्हिस (एकाच कामाचे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्राम) लागतील का, आणि सुरुवात कुठून?

आधी सोपे प्रश्न संपवतो. पायथन येतंय तर जँगो किंवा फास्टएपीआय घ्या, डेटाबेस पोस्टग्रेस ठेवा आणि हे दुकान पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या फ्रेमवर्ककडे बघू नका. रेस्टची मांडणी रॉय फील्डिंग यांनी 2000 साली आपल्या पीएचडीच्या प्रबंधात केली. साधारण त्याच काळात सोपही आलं, आणि अ‍ॅमेझॉनने 2002 साली आपला कॅटलॉग बाहेरच्या प्रोग्रामरांना खुला केला तेव्हा त्यात सोपचा पर्याय होता. आज नवीन दुकानाला एचटीटीपीवरून जेसन (माहिती मांडायचा साधा मजकुरी साचा) देणारी रेस्ट पद्धतीची सेवा पुरते. एखाद्या बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या जुन्या सिस्टिमशी जोडायची वेळ आली, तर सोप तेव्हा शिकता येईल. मायक्रोसर्व्हिस मात्र नकोच. एक प्रोग्राम, एक डेटाबेस. त्याचं कारण पुढे स्टॉकच्या भागात येईल.

आता मूळ मुद्दा. शिकणाऱ्यांचे दुकानाचे प्रोजेक्ट मी बरेच पाहतो. बहुतेकांचा सगळा वेळ होमपेज, स्लायडर, फिल्टर आणि कार्टच्या चिन्हावरच्या लाल आकड्यात जातो. 'पैसे भरा' हे बटण दाबलं की 'धन्यवाद' असं पान येतं आणि प्रोजेक्ट संपतो. पण दुकानाचं खरं काम त्या बटणानंतर सुरू होतं. एका ऑर्डरबद्दल तुमचा सर्व्हर, पेमेंट गेटवे (दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा), ग्राहकाची बँक आणि कुरिअर कंपनी या सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. हे चौघे एकमेकांशी नेटवर्कवरून बोलतात आणि नेटवर्क कोणत्याही क्षणी तुटतं. वेब सर्व्हिस शिकायची म्हणजे ती तुटल्यावर काय करायचं ते शिकायचं. म्हणून स्क्रीन साध्या, अगदी कुरूप ठेवा आणि सगळी ताकद ऑर्डरच्या प्रवासावर लावा.

प्रोजेक्ट म्हणून अ‍ॅमेझॉनची नक्कल करू नका. जुन्या पुस्तकांचं दुकान करा. हा विषय मी मुद्दाम सुचवतोय. जुन्या पुस्तकाची प्रत एकच असते, त्यामुळे एकाच वस्तूवर दोन गिऱ्हाइकं तुटून पडण्याचा प्रसंग पहिल्याच दिवशी येतो. 50 टी-शर्ट स्टॉकमध्ये असले की ही अडचण महिनोन्‌महिने लपून राहते. दुसरं म्हणजे छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे राज्यातली विक्री असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी आणि परराज्यातली असेल तर आयजीएसटी, हा हिशेब पहिल्या फेरीत बाजूला ठेवता येतो. आणि पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असतो, म्हणजे दुसऱ्याची वेब सर्व्हिस वापरायला लगेच निमित्त मिळतं.

तिथूनच सुरुवात करा. स्वतःची सेवा लिहिण्याआधी दुसऱ्याची वापरून बघा. इंटरनेट अर्काइव्हच्या ओपन लायब्ररीचा एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायचं दार) फुकट आहे. आयएसबीएन दिला की पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक अशी माहिती जेसनमध्ये मिळते. आधी कर्ल किंवा पोस्टमन या विनंत्या पाठवून बघायच्या साधनांमधून हाक मारा, उत्तराचे हेडर वाचा, मगच पायथनमधून तेच करा. आयएसबीएन डेटाबेसमध्ये आकडा म्हणून ठेवू नका, मजकूर म्हणून ठेवा: जुना 10 अंकी आयएसबीएन शून्याने सुरू होऊ शकतो आणि त्याच्या शेवटी एक्स हे अक्षरही असू शकतं. 2007 पासून तो 13 अंकी झाला आणि शेवटचा अंक तपासणीचा असतो. ती तपासणी करणारं फंक्शन स्वतः लिहा, हात बसायला छान आहे. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांवर कित्येकदा आयएसबीएन नसतोच. म्हणून तुमच्या प्रतीला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या आणि आयएसबीएन ही फक्त एक ऐच्छिक माहिती समजा. आणखी एक: ओपन लायब्ररी बंद असेल किंवा उत्तराला अर्धं मिनिट लावत असेल तर तुमचं पान अडकून बसता कामा नये. दोन-तीन सेकंदांचा टाइमआउट (वाट बघायची मर्यादा) लावा आणि माहिती आली नाही तर हाताने भरायचा फॉर्म दाखवा. बाहेरच्या प्रत्येक सेवेला टाइमआउट हवाच. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तुम्ही सांगितला नाही तर तो लागत नाही, हे विसरू नका.

मग तुमचा स्वतःचा एपीआय. पुस्तकं, कार्ट, ऑर्डर, एवढे तीन विषय पुरे. गेट (माहिती मागणं), पुट (दिलेली माहिती जागेवर ठेवणं) आणि डिलीट (काढून टाकणं) या विनंत्या पुन्हा पुन्हा आल्या तरी सर्व्हरवरचा परिणाम एकदा आल्यासारखाच राहिला पाहिजे. एचटीटीपीचा नियमच तसा आहे. पोस्टला, म्हणजे नवीन नोंद करायच्या विनंतीला, ही हमी नसते. आता विचार करा: ग्राहक ट्रेनमध्ये आहे, ऑर्डरची विनंती तुमच्यापर्यंत पोहोचली, पण तुमचं उत्तर बोगद्यात हरवलं. अ‍ॅपने पुन्हा विनंती पाठवली. आता दोन ऑर्डर झाल्या का? होऊ द्यायच्या नसतील तर अ‍ॅपने चेकआउट सुरू होताना एक अनन्य किल्ली तयार करावी आणि प्रत्येक प्रयत्नाला तीच पाठवावी. सर्व्हरने ती किल्ली युनिक (एकच मूल्य दोनदा न घेणाऱ्या) कॉलममध्ये ठेवावी आणि पुन्हा आली तर नवीन ऑर्डर न करता आधीचंच उत्तर द्यावं. हे पहिल्या दिवसापासून करा. नंतर घुसवायला फार त्रास होतो.

विनंतीचं काय झालं ते सांगणारे आकडे, म्हणजे स्टेटस कोडही, प्रामाणिक ठेवा. चूक झाली तरी 200 (सगळं ठीक) पाठवून आत 'एरर' लिहिणारे एपीआय मी आजही बघतो आणि वापरणाऱ्याचे हाल होतात. पुस्तक दुसऱ्याने घेतलं असेल तर 409 द्या, माहिती चुकीची असेल तर 400 किंवा 422.

किमतीबद्दल दोन गोष्टी. रक्कम फ्लोट प्रकारच्या दशांश अपूर्णांकात ठेवू नका, पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज करून बघा, 0.30000000000000004 येते. पैसे पूर्णांकात ठेवा, म्हणजे 249 रुपये 50 पैसे हे 24950. रेझरपेसारखा गेटवेही रक्कम पैशांतच मागतो. आणि ब्राउझरने पाठवलेल्या किमतीवर कधीही विश्वास ठेवू नका. ब्राउझरने फक्त कोणतं पुस्तक ते सांगायचं. किंमत सर्व्हरने डेटाबेसमधून काढायची आणि ऑर्डरच्या ओळीत उतरवून ठेवायची. उद्या पुस्तकाची किंमत बदलली तरी कालचं बिल बदलता कामा नये.

आता स्टॉक, जिथे बहुतेक प्रोजेक्ट कोसळतात. नवशिका कोड आधी विचारतो, 'प्रत शिल्लक आहे का?' आणि मग वेगळ्या ओळीत ती कमी करतो. त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत दुसऱ्या ग्राहकानेही तेच विचारलं तर दोघांनाही 'आहे' असं उत्तर मिळतं. उपाय असा की विचारणं आणि कमी करणं एकाच अपडेटमध्ये करायचं: 'शिल्लक एक किंवा जास्त असेल तरच एकने कमी कर' ही अट त्याच क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) लिहायची आणि किती ओळी बदलल्या ते तपासायचं. शून्य बदलल्या तर पुस्तक गेलं. हे आणि ऑर्डरची नोंद, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मायक्रोसर्व्हिस नको म्हणालो ते याचसाठी. स्टॉक एका डेटाबेसमध्ये आणि ऑर्डर दुसऱ्यात गेली की ही ट्रान्झॅक्शनची सोय हातातून जाते आणि तिच्या जागी खूप अवघड यंत्रणा उभी करावी लागते. तो अभ्यास नंतरचा.

पण प्रत कमी करायची कधी? पैसे मिळाल्यावर केली तर दोघांचे पैसे येऊ शकतात. आधी केली तर पैसे न भरता निघून गेलेल्या माणसासाठी पुस्तक अडकून पडतं. म्हणून चेकआउट सुरू होताच प्रत ठरावीक वेळेपुरती, समजा 15 मिनिटं, राखून ठेवायची आणि वेळ संपली की सोडायची. इथे खरा पेच येतो: राखीव वेळ संपली, पुस्तक दुसऱ्याने विकत घेतलं, आणि मग पहिल्याचे पैसे मिळाल्याचा निरोप आला. हे यूपीआयमध्ये होतंच. त्या स्थितीसाठी 'पैसे आले, माल नाही, परतावा सुरू' अशी वेगळी अवस्था हवी. तुमच्या ऑर्डरच्या सगळ्या अवस्था आधी कागदावर काढा: तयार झाली, पैशांची वाट, पैसे मिळाले, पाठवली, पोहोचली, रद्द, परतावा सुरू, परतावा झाला. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येतं त्याचे बाण काढा. जे बाण नाहीत त्या उड्या कोडने नाकारल्या पाहिजेत. माझ्या मते या एका कागदावर दोन दिवस घालवणं हे कोणत्याही व्हिडिओ कोर्सपेक्षा जास्त शिकवतं.

पेमेंटसाठी गेटवेचा टेस्ट मोड घ्या, त्यात खरे पैसे हलत नाहीत. कार्डाचा नंबर तुमच्या सर्व्हरवर येऊच देऊ नका. गेटवेचं तयार चेकआउट पान वापरा. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा तपशील साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन (कार्डाच्या नंबराऐवजी दिलेला बदली क्रमांक) वापरलं जातं.

ग्राहक पैसे भरून तुमच्या 'धन्यवाद' पानावर परत आला यावर ऑर्डर पक्की करायची नाही. तो परत येईलच असं नाही. फोनची बॅटरी संपते, माणूस यूपीआय अ‍ॅपमधून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. पक्का निरोप वेबहुकने येतो, म्हणजे गेटवे स्वतः तुमच्या सर्व्हरला विनंती पाठवतो. त्याबाबत चार गोष्टी नीट करा. त्या विनंतीवर सही असते, बहुधा एचमॅक शा-256 ची, म्हणजे तुम्हाला आणि गेटवेलाच माहीत असलेल्या गुप्त किल्लीने मजकुरावरून काढलेली खूण. ती तपासताना आलेला मजकूर जसाच्या तसा वापरा. जेसन उलगडून पुन्हा जोडलात तर एखाद्या स्पेसमुळे सही जुळत नाही आणि दिवस वाया जातो. एकच वेबहुक दोनदा येऊ शकतं, म्हणून घटनेचा क्रमांक युनिक कॉलममध्ये ठेवा. क्रम उलटसुलट असू शकतो, म्हणून अवस्थांचा तो कागद इथे कामाला येतो. आणि उत्तर लगेच द्या. ईमेल पाठवणं, पावती बनवणं ही कामं मागून करा. तुमच्या लॅपटॉपवर चालणाऱ्या सर्व्हरपर्यंत वेबहुक पोहोचत नाही, त्यासाठी बाहेरच्या विनंत्या लॅपटॉपपर्यंत आणणारा एनग्रोकसारखा बोगदा वापरावा लागेल.

वेबहुकही न येण्याची शक्यता असतेच. म्हणून दर काही मिनिटांनी 'पैशांची वाट' या अवस्थेत अडकलेल्या ऑर्डर उचलून गेटवेला स्वतःहून विचारणारा एक छोटा जॉब लिहा. यूपीआयमध्ये खात्यातून रक्कम कापली गेली पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जायला हवी आणि उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. 'पैसे कापले गेले, ऑर्डर कुठाय?' असं विचारणाऱ्या ग्राहकाला तुमच्या अ‍ॅपने नेमकं काय सांगावं, हे या नियमाकडे बघून ठरवा. 'काहीतरी चुकलं' असं लिहून त्याला वाऱ्यावर सोडू नका. त्याचे कष्टाचे पैसे मधेच कुठेतरी आहेत.

कुरिअरचा भाग तुलनेने सोपा. पिनकोडवरून सेवा आहे का ते विचारायचं, दर घ्यायचा, पार्सलचा क्रमांक साठवायचा. आपली पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत कवीही होते, हे मला नेहमी आवडतं. महाराष्ट्राचे पिन 40 ते 44 ने आणि गोव्याचे 403 ने सुरू होतात, तेव्हा पत्त्यातलं राज्य आणि पिन जुळतात का ही साधी तपासणी तुम्हाला फुकट मिळते. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलीत तर दारातून परत येणारी पार्सलं, ज्यांना धंद्यात आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, त्यांच्यासाठीही अवस्था लागेल.

कायद्यातलं थोडं, कारण ते थेट कोडमध्ये येतं. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार खरेदीला संमती देणारा चौकोन आधीच टिक केलेला चालत नाही, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि निवारण महिनाभरात करावं लागतं. तेव्हा तक्रारीचं टेबल आणि तिची वेळ नोंदवणारा कॉलम आताच करा. ग्राहकाचे पत्ते आणि फोन लॉगमध्ये छापू नका.

हे सगळं चाललं की ओएनडीसी या भारतातल्या खुल्या ई-कॉमर्स नेटवर्कच्या एपीआयचे दस्तऐवज वाचा. ते नेटवर्क बेकन प्रोटोकॉलवर (विनंत्यांच्या ठरलेल्या नियमांवर) उभं आहे. तिथे 'सर्च' ही विनंती पाठवली की लगेच फक्त पोच मिळते. खरं उत्तर नंतर 'ऑन सर्च' या वेगळ्या विनंतीने तुमच्याकडे येतं. पुढे सिलेक्ट, इनिट, कन्फर्म या प्रत्येकाची अशीच जोडी. वेबहुक आणि अनन्य किल्ली नीट समजलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटते. थेट तिथून सुरुवात करणारा गोंधळतो.

पहिलं काम म्हणून अवस्थांचा कागद काढा आणि स्टॉकची ती एक अपडेट क्वेरी लिहा. मग एकाच प्रतीसाठी एकदम 20 विनंत्या पाठवणारी छोटी स्क्रिप्ट चालवा. एका विनंतीला 201 (नोंद तयार झाली) आणि बाकी एकोणीसांना 409 मिळालं पाहिजे, दर वेळी. तसं झालं नाही तर क्वेरी आणि टेबलाची रचना इथेच टाका, मी वाचून सांगतो.