जिवंत पेशीतलं प्रोटीन पाहायचंय. जीएफपी (हिरवा चमकणारा प्रोटीन-टॅग) लावू की एमचेरी (लाल)?

तुमचं प्रोटीन लायसोसोमकडे (पेशीतली आम्लाची पिशवी, जिथे प्रोटीनं तोडली जातात) जातं असा अंदाज आहे, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लिहायला बसले. एरवी जीएफपी लावा म्हटलं असतं.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझंही असंच एक मेम्ब्रेन प्रोटीन (पेशीच्या पडद्यात बसणारं) होतं. जीएफपी पेशीबाहेरच्या टोकाला. हेला पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) कडेने सुरेख हिरवी रेघ दिसायची. लायगँड (त्या प्रोटीनला चिकटणारा रेणू) टाकला की रेघेचे ठिपके होऊन आत सरकायचे, आणि २० मिनिटांत विझायचे. सर म्हणाले, "डिग्रेड झालं. फिगर कर." मी म्हटलं, सर, लायसोसोमचा पीएच ५ च्याही खाली असतो आणि ईजीएफपी (जीएफपीचंच सुधारित रूप) ६ च्या आसपासच निम्मं मंदावतं, प्रोटीन शाबूत असेल. ऐकून घेतलं नाही. दोन महिने तीच फिगर तीनदा करायला लावली.

मग कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा रात्रीचा स्लॉट घेतला. सायक्लोहेक्झिमाइड आधीच घातलं होतं, म्हणजे नवं प्रोटीन बनायचा प्रश्न नाही. ठिपके विझू दिले. डिश तसूभरही हलू न देता कडेने २० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड सोडलं; ते लायसोसोममधलं आम्ल उतरवतं. दोन मिनिटांत ठिपके उजळले, त्याच पेशीत, त्याच जागी! तुटलेलं प्रोटीन दोन मिनिटांत सांधत नाही. जपानी शास्त्रज्ञ शिमोमुरांनाही १९६१ साली जेलीफिशमधलं चमकणारं प्रोटीन एक्वोरिन असंच सापडलं होतं: पीएच ४ ला विझलेला द्रव सोड्याने उदासीन केला आणि तो पुन्हा चमकला. मी सरांना हेही सांगितलं. ते म्हणाले, "आर्टिफॅक्ट असेल," आणि ग्रुप मीटिंगमधून ती स्लाइड काढायला लावली. आर्टिफॅक्ट, म्हणजे प्रयोगातला भास, होताच, पण त्यांच्या फिगरमधला.

तेव्हा एमचेरी लावा. त्याचा पीकेए (ज्या पीएचला चमक निम्मी होते तो) ४.५ च्या खाली आहे, लायसोसोममध्येही ते चमकत राहतं. दोन्ही एकापाठोपाठ जोडलीत तर उत्तमच: हिरवं-लाल एकत्र दिसलं तर अजून आम्लात पोचलेलं नाही, नुसतं लाल दिसलं तर पोचलं. मात्र प्रोटीन लहान असेल तर २७ किलोडाल्टनची दोन ओझी त्याला झेपतात का ते आधी तपासा. आणि गाईड काहीही म्हणोत, वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन किती उरलं ते पट्ट्याने दाखवणारी चाचणी) केल्याशिवाय 'डिग्रेड झालं' हा शब्द लिहू नका.

एक राहिलं. टॅग सायटोसोलच्या (लायसोसोमबाहेरच्या पेशीद्रवाच्या) बाजूला असेल तर ठिपका लायसोसोमच्या पडद्यावर असेपर्यंत आम्ल त्याला शिवत नाही, तेव्हा जीएफपी चालेल. शिवाय एमचेरी प्रोटिएजला (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमला) सहज बधत नाही, म्हणून लाल उरलं याचा अर्थ प्रोटीन उरलं असा नाही. माझं प्रोटीनही शेवटी तुटतच होतं, एवढं सरांचं खरं. पण ब्लॉटवर २० मिनिटांनी पट्टा जसाच्या तसा होता. निम्मा व्हायला चार तास लागले.